जाताना चहा, येताना पत्रिका

निवृत्तीच्या दिवशी माझ्या टेबलाचे खण रिकामे केले, तेव्हा त्यातून सात टाय, बूट पॉलिशची वाळलेली डबी, सेफ्टी पिनांचं एक पुडकं आणि लाल शाईची अकरा पेनं निघाली. धुळ्याच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजला नवे प्लेसमेंट ऑफिसर आले होते, त्यांना मी हा सगळा ऐवज रीतसर सोपवायला गेले. तरुण आहेत, हुशार आहेत. त्यांनी टाय ठेवून घेतले, पॉलिशची डबी केराच्या टोपलीत टाकली आणि पेनांकडे बघून म्हणाले, "मॅडम, आता सगळं ऑनलाइन असतं." पेनं मी घरी घेऊन आले. त्या पेनांनी मी काय काय केलं ते सांगायला आता हरकत नाही, पेन्शन सुरू झाली आहे.

मी मूळची जळगावजवळच्या असोद्याची. नोकरी लागली धुळ्यात आणि तीस वर्षं तिथेच राहिले. शिकवायचे इलेक्ट्रॉनिक्स. प्लेसमेंटचं काम गळ्यात पडलं ते एका मीटिंगमध्ये. "हे कोण बघेल?" असं प्राचार्यांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि मी घड्याळाकडे बघितलं. तेवढं पुरलं.

बाहेरच्या लोकांना वाटायचं की मी नोकऱ्या वाटते. दवाखान्यात, भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातातलं ताट थांबवून लोक मला सांगायचे, "मॅडम, आमच्या पोराचं तेवढं बघा." मी नोकऱ्या देत नव्हते, नोकरी देणाऱ्यांसमोर पोरं उभी करत होते. शेवटच्या वर्षाला कंपन्या कॉलेजात येतात. आधी गणिताची आणि तर्काची परीक्षा होते, मग संगणकावर प्रोग्रॅम लिहून दाखवायचा, आणि त्यातून जी उरतात त्यांची मुलाखत. मुलाखतीला दोन माणसं समोर बसतात आणि खरं म्हणजे एकच गोष्ट विचारतात, तू स्वतः काय केलंस ते सांग. बाकीचे सगळे प्रश्न त्याचेच नातेवाईक असतात. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलेलं पोर या एका प्रश्नाला घामाघूम होतं.

त्यात पोरांची काही चूक नाही. आमच्या भागात घरात चार मोठी माणसं बसलेली असताना पोरगं स्वतःबद्दल बोलायला लागलं तर त्याला आगाऊ म्हणतात. एकवीस-बावीस वर्षं गप्प बस म्हणायचं आणि एका सकाळी त्याला टाय बांधून सांगायचं, बोल बाबा स्वतःबद्दल, आणि तेही इंग्रजीत.

यावर मी साचा काढला. साच्याचा मला फार अभिमान होता. पाच वाक्यांत ओळख, तीन गुण, एक अवगुण आणि तो अवगुणही असा की ऐकणाऱ्याला गुण वाटावा. छंद म्हणून वाचन. प्रोजेक्ट म्हणून 'वाचनालय व्यवस्थापन', म्हणजे कोणतं पुस्तक कोणी नेलं आणि कधी परत आणणार हे संगणकावर ठेवणारा प्रोग्रॅम. साध्या पोरांना सांगायला सोपा, म्हणून मीच तो सगळ्यांना घ्यायला लावायचे. बायोडेटा घेऊन पोरं माझ्या केबिनसमोर रांग लावायची आणि मी लाल पेन घेऊन बसायचे. जो बायोडेटा साच्याबाहेर गेला, त्याला मी कापून आत बसवायचे.

साच्याची पहिली फजिती टायमुळे झाली. कॉलेजचे टाय सात आणि पोरं सत्तर. गाठ मारायला कुणालाच येत नव्हती, म्हणून मी सकाळी सातही गाठी मारून ठेवायचे आणि टाय गाठीसकट एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जायचा. एकदा नाशिकहून आलेले एक मुलाखतकार चहाच्या वेळी मला म्हणाले, "मॅडम, तो निळ्या पट्ट्यांचा टाय सकाळपासून चौथ्यांदा येऊन गेला. दरवेळी खाली वेगळा मुलगा असतो, पण उत्तरं टायचीच असावीत असं वाटतं." मी हसले. त्यांच्या बोलण्याचा मतलब मात्र माझ्या डोक्यात शिरला नाही, माझ्या डोक्यात एवढंच आलं की आणखी टाय घ्यायला हवेत.

आमच्या असोद्याच्याच एका पोराने साचा साफ मोडला होता. पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस, असं त्याला विचारलं. साच्यातलं उत्तर होतं की तुमच्या कंपनीत जबाबदारीच्या पदावर. हा म्हणाला, "असोद्याला, केळीच्या बागेत. तोपर्यंत तुमच्याकडे मन लावून काम करतो." त्याला घेतलं नाही. मी त्याला अर्धा तास झापलं. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या कंपनीने त्याला उचललं आणि तिथेही त्याने हेच उत्तर दिलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हाही मी त्याला नशीब म्हणाले.

आता जागृतीचं सांगते, कारण साच्याचं खरं काय ते मला तिने शिकवलं.

जागृती साक्रीची. तिचे वडील भटूभाऊ साक्री ते धुळे काळी-पिवळी जीप चालवायचे. पोरगी प्रोग्रॅम लिहिण्यात वर्गात सगळ्यांच्या पुढे, आणि बोलण्यात सगळ्यांच्या मागे. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला ती बायोडेटा घेऊन आली, तेव्हा त्यात दोन प्रोजेक्ट होते. एक वाचनालय. दुसऱ्याला तिने लग्नाच्या पत्रिका वाटण्याचा मार्ग ठरवणारा प्रोग्रॅम, अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं. रांग जिना उतरून खालपर्यंत गेली होती. मी त्या ओळीवर लाल रेघ मारली आणि म्हणाले, "हे घरचं काम झालं, प्रोजेक्ट नाही. कंपनीत लग्नाच्या गोष्टी सांगतात का?" रांगेतली पोरं हसली. जागृती "हो मॅडम" म्हणाली आणि कागद घेऊन गेली.

त्याच आठवड्यात नानांनी मला टोकलं होतं. नाना म्हणजे आमच्या विभागाचे शिपाई. माझी केबिन जिन्याला लागून होती आणि नानांचं स्टूल व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, लॅबच्या दाराशी. लॅब उघडायची, बंद करायची आणि मधल्या वेळात पोरांच्या गप्पा ऐकायच्या, हे त्यांचं काम. "मॅडम," ते म्हणाले, "ती साक्रीनी पोर पत्रिकास्ना काहीतरी भारी खेळ करी राहिनी. तुम्ही एक डाव देखा." मी म्हटलं, बघू. आणि बघितलं नाही.

जागृती पहिल्या कंपनीची परीक्षा पास झाली, तेव्हा भटूभाऊंना राहवलं नाही. त्यांनी जीपमध्ये सांगून टाकलं की पोर पुण्याला कंपनीत चालली. मुलाखतीत ती पडली. मग दुसऱ्या कंपनीत, तिसऱ्या कंपनीत आणि चौथ्या कंपनीत. चारही वेळा परीक्षा उत्तम आणि मुलाखतीत शून्य. काळी-पिवळीत रोज येणारी-जाणारी माणसं तीच, त्यामुळे साक्रीपासून धुळ्यापर्यंत प्रत्येक थांब्यावर कोणीतरी चढताना विचारायचं, "काय भटू, पोरनं काय व्हयनं?" भटूभाऊ गिअर बदलायचे आणि म्हणायचे, व्हयी जाई.

चौथ्या मुलाखतीत तिला विचारलं होतं की तुझ्या वाचनालयात एकच पुस्तक दोघांनी एकाच क्षणी मागितलं तर काय होईल. तिचं त्या वाचनालयाशी काही घेणंदेणंच नव्हतं. ते चौघींच्या ग्रुपचं होतं, त्यांना आधीच्या बॅचकडून मिळालं होतं, आणि त्या बॅचला त्यांच्या आधीच्या बॅचकडून. असं ते वाचनालय वर्षानुवर्षं फिरत होतं, पुस्तक मात्र त्यातलं कोणी कधी उघडलं नव्हतं.

थंडी पडायला लागली तशी भटूभाऊ एका दुपारी माझ्या केबिनशी आले. त्यांच्या थोरल्या मुलीचं, म्हणजे जागृतीच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी हळद-कुंकू लावलेली पत्रिका टेबलावर ठेवली, वर अक्षता ठेवल्या आणि सदऱ्याच्या खिशातून एक घडी केलेला छापील कागद काढून त्यावर खूण केली. मी वाकून बघितलं. गावं आणि नावं यांची लांब यादी होती आणि माझ्या नावापुढे तेविसावा आकडा होता.

"भटूभाऊ, मी तेवीस नंबरला का?" मी चेष्टेने विचारलं.

ते कावरेबावरे झाले. "मॅडम, बठ्ठं कॉम्प्युटरनं ठरायेल शे. मी काही करं नई. जागृतीनी करं."

मग त्यांनी बसून सगळं सांगितलं. आधीच्या वर्षी त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न झालं. पत्रिका हातोहात द्यायच्या असतात, पोस्टाने किंवा फोनवर पाठवली तर माणसं मोजत नाहीत. आणि त्याला क्रम असतो. मामाचं घर सगळ्यात आधी, आणि भाऊबंदांत थोरल्याच्या घरी गेल्याशिवाय धाकट्याच्या घरी पत्रिका द्यायची नाही. भटूभाऊंचे दोन चुलतभाऊ, धाकटा नेरला राहतो आणि थोरला कुसुंब्याला. साक्रीहून धुळ्याकडे निघालं की आधी नेर लागतं, मग कुसुंबा.

"धाकलानं घर रस्तावर पडस," भटूभाऊ म्हणाले, "म्हनीसन मी आधी तठे उतरनू. थोरलानी ते ऐकं, आन् बठ्ठं घर लगीनले उनंच नई."

थोरल्याच्या घरचं कोणीच लग्नाला आलं नाही. घरात सगळ्यांनी भटूभाऊंना धारेवर धरलं. त्या सुट्टीत जागृतीने बसून प्रोग्रॅम लिहिला. त्यात सगळी गावं घातली, रस्ते घातले, कोण कोणाच्या आधी हे आईला आणि आजोबांना विचारून घातलं. वडिलांची जीप कमीत कमी फिरेल आणि एकही माणूस रुसणार नाही, अशी यादी तो प्रोग्रॅम काढून द्यायचा.

मी पत्रिका हातात धरून ऐकत होते. हाच प्रश्न कंपन्या फळ्यावर लिहून विचारतात. काही कामं अशी असतात की एक झाल्याशिवाय दुसरं करता येत नाही, कणीक मळल्याशिवाय पोळी लाटता येत नाही तसं, आणि अशा शंभर कामांची रांग लावायची असते. त्यात पुन्हा फेरा कमी पडला पाहिजे. भल्याभल्यांची त्यात दमछाक होते. मी ते कंपन्यांच्या तयारीच्या तासाला वर्तुळं आणि बाण काढून शिकवलं होतं आणि पोरांनी जांभया दिल्या होत्या. ही मुलगी तेच घरी बसून सोडवून आली होती, आणि मी त्यावर लाल रेघ मारून तिला वाचनालयात बसवलं होतं. मला फार लाज वाटली. भटूभाऊंना काही कळू नये म्हणून मी चहा मागवला.

"पन आते या खेपले बी भानगड व्हयनी," भटूभाऊ चहा पिता पिता म्हणाले. "कॉम्प्युटरनी सांगं, पहिले कुसुंबा. मी नेरमाईन गाडी सरळ काढी लिधी. धाकला फाटावर बठेल व्हता. हात कया त्यानी, मी थांबनू नई. आते तो रुसना."

पाचवी कंपनी पुण्याची होती आणि पंधरा दिवसांवर आली होती. त्या हंगामातली ती शेवटची. त्यानंतर परीक्षा, निकाल आणि मग पोरं आपापल्या गावी. मी नाव दिलेल्यांची यादी काढली तर जागृतीचं नावच नव्हतं. तिला बोलावून घेतलं.

"साक्रीला मावशीच्या कॉम्प्युटर क्लासवर शिकवायला जाणार आहे मॅडम," ती म्हणाली. "आबांना रोज सगळे विचारतात. पुन्हा पडले तर त्यांना जीप चालवणं अवघड होईल."

"तुला काय हवंय?"

ती खाली बघतच म्हणाली, "मला पुण्याला जायचंय. मला हेच काम करायचंय."

मी म्हटलं, "मग नाव दे, आणि त्यात तो पत्रिकांचा प्रोग्रॅम घाल. वाचनालय काढून टाक."

तिने वर बघितलं. तिचा आवाज चढला नाही, पण तिने मला सोडलंही नाही. "मॅडम, तुम्हीच खोडलं होतं. कंपनीत लग्नाच्या गोष्टी सांगतात का, असं तुम्हीच म्हणाला होतात. सगळे हसले होते. आता पाचव्यांदा जाऊन हसू करून घेऊ?"

विद्यार्थ्यांसमोर माझं चुकलं असं मी नोकरीत कधी म्हटलं नव्हतं. आम्हा शिक्षकांना ते वाक्य जड जातं. त्या दिवशी म्हटलं. "माझं चुकलं, जागृती. मी वाचलंच नव्हतं." आणि एक नवं, निळं पेन तिच्या हातात दिलं आणि माझ्या समोर बसवून तिच्याकडून बायोडेटा पुन्हा लिहून घेतला.

पण कागदावर लिहिणं वेगळं आणि चार लोकांत बोलणं वेगळं. मी प्रश्न विचारला की ती पुन्हा साच्यात जायची. "मायसेल्फ जागृती" म्हणून सुरू करायची आणि तिसऱ्या वाक्याला अडकायची. दोन दिवस असे गेले. शेवटी मी कंटाळून विचारलं, "तू हे आधी कोणाला समजावून सांगितलंयस का?"

"नानांना," ती म्हणाली. "सुरुवातीपासून."

मी तिला लॅबमध्ये नेलं, नानांना स्टुलासकट आत बोलावलं आणि सांगितलं, "नानांना सांग, तुमच्या बोलीत. मी इथे नाही असं समज." आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. जागृतीने फळ्यावर साक्री काढली, नेर काढलं, कुसुंबा काढलं. दहा मिनिटांत ती हात हलवून, खडू आपटून बोलायला लागली. ही मुलगी मी चार वर्षांत पाहिली नव्हती. नाना मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते आणि ते प्रश्न कुठल्याही कंपनीच्या माणसाच्या तोडीचे होते.

नेरचा धाकटा रुसला तिथे ती आली आणि थांबली. इथे अजून उत्तर सापडलं नाही, म्हणाली.

"मंग भटूनी थांबनं व्हतं ना," नाना म्हणाले.

"थांबनं म्हणजे पत्रिका देनी पडस ना, नाना."

"कोन सांगस?" नाना स्टुलावर पुढे सरकले. "च्या पिवाले थांबनं, नि पत्रिका देवाले थांबनं, येक शे का? मी कितला घर थांबस, बठ्ठास्ले पत्रिका देस का? जातांना च्या, येतांना पत्रिका."

जागृतीने फळ्यावरचं नेरचं वर्तुळ पुसलं आणि तिथे दोन वर्तुळं काढली. एक थांबण्याचं, एक पत्रिका देण्याचं. थांबायला कोणतीच अट नव्हती, अट फक्त पत्रिकेला होती. तिने आपल्या प्रोग्रॅममध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकच धरून ठेवल्या होत्या, आणि या धंद्यातल्या निम्म्या चुका अशाच असतात. मी मागच्या बाकावरून टाळी वाजवणार होते, पण मी तिथे नसण्याचं ठरलं होतं. (पुढे लग्नाला नेरचं घरही आलं आणि कुसुंब्याचंही. मी पंगतीत दोघांच्या मधे बसले होते.)

मुलाखतीच्या दिवशी टाय आणि बायोडेटा सगळं रांगेने चाललं होतं. जागृती आत गेली. बाकीच्यांना वीस मिनिटं लागत होती, ही पन्नास मिनिटं बाहेर आली नाही. मी व्हरांड्यात तीन फेऱ्या मारल्या. नाना स्टुलावरून उठून उभे राहिले होते. ती बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांना खडू लागलेला होता, आणि ती सरळ पाणी प्यायला गेली.

जेवताना त्या कंपनीचे वरिष्ठ गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. शेवभाजीने त्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं होतं, पण माघार घेत नव्हते. ते म्हणाले, "तुमची ती साक्रीची मुलगी. सुरुवातीला इंग्रजीत अडखळली. मी म्हटलं, मराठीत सांग. मग तिने आमचा फळा भरून टाकला. मी शेवटी नेहमीचा प्रश्न विचारला, तुझ्या प्रोग्रॅममध्ये काय चुकलं होतं. पोरं म्हणतात, काही नाही चुकलं. हिने चूक सांगितली, कशी दुरुस्त केली ते सांगितलं, आणि म्हणाली, ती चूक मला आमच्या कॉलेजच्या शिपाई नानांनी दाखवली." त्यांनी पाण्याचा ग्लास संपवला. "आमच्याकडे दहा-दहा वर्षं काम केलेली माणसं आपली चूक दुसऱ्याने पकडली हे कबूल करत नाहीत." निघताना त्यांनी नानांना शोधून काढून हात मिळवला. नानांना ते कोण हे नीट कळलं नाही, त्यांनी त्यांना लॅबची चावी हवी आहे का विचारलं.

तीन दिवसांनी मेल आला. पाच जणांची नावं होती आणि दुसरं नाव जागृतीचं होतं. मी तिला बोलावून सांगितलं. ती रडली, मग हसली, मग वडिलांना फोन करायला बाहेर पळाली. मीही दार लावून घेऊन जरा रडून घेतलं. नोकरीत पोरं लागायची, नाही लागायची, त्याची सवय झाली होती. ही पोरगी मात्र माझ्या हाताने जवळजवळ बुडाली होती.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्याकडे एकच परीक्षा उरली. कंपनीसमोर जाण्याआधी प्रत्येक पोराने आपलं काम नानांना समजावून सांगायचं. नानांनी मान हलवली तर पास. जे पोर नानांसमोर गडबडायचं, त्याने ते काम स्वतः केलेलं नसायचं, हे मला दोन मिनिटांत कळायचं. वाचनालय एका वर्षात बंद पडलं. आता ऐकते की पोरं फोनवरच्या यंत्राकडून बायोडेटा लिहून घेतात आणि सगळे पुन्हा एकसारखे दिसायला लागले आहेत. मला हसू येतं. तेच काम मी लाल पेनाने करत होते, यंत्राचा हात फक्त माझ्यापेक्षा जलद आहे.

मेल आल्याच्या दुसऱ्या दिवशी भटूभाऊ कॉलेजात आले. हातात पेढ्यांचा पुडा होता, नवा सदरा होता. जिना चढले की माझं दार पहिलं. मी उठून उभी राहिले, "या भटूभाऊ" म्हटलं. ते आत आले, बसले. मी चहा मागवला. त्यांनी जीपचं सांगितलं, की धुळ्याहून साक्रीपर्यंत काल सगळे विचारत होते आणि त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, कारण आधी मामांच्या घरी सांगायचं होतं. त्यांनी थंडीचं सांगितलं, लग्नाच्या मांडवाचं सांगितलं. चहा संपला. पुडा मांडीवर तसाच होता, दोरीही सोडलेली नव्हती. मी पुड्याकडे बघत होते आणि ते माझ्याकडे बघायचं टाळत होते.

मग ते उठले. "नाना कोठे शेतस, मॅडम?"

"लॅबपाशी. का?"

"उनूच," म्हणाले आणि पुडा घेऊन व्हरांड्याने निघून गेले.

पाच मिनिटांनी परत आले. पुड्याची दोरी सुटलेली होती आणि वरच्या थरातला एक पेढा कमी होता. त्यांनी दोन्ही हातांनी पुडा माझ्यासमोर धरला. सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद डोकावत होता. मी न विचारता तो काढला. जागृतीचीच यादी होती, पेढ्यांची. मामाच्या नावापुढे खूण झालेली होती. कॉलेजमध्ये वाटायची नावं खाली वेगळी होती, त्यात पहिलं नाव नानांचं होतं आणि दुसरं माझं. माझ्या नावापुढे कंसात लिहिलं होतं, जाताना चहा.

मला आधी जरा लागलं, खोटं कशाला सांगू. मी विचारलं, "भटूभाऊ, नाना माझ्यापेक्षा थोरले म्हणून का?"

भटूभाऊ संकोचले, पण त्यांनी खरं ते सांगितलं. "वयनी गोट नई, मॅडम. पोर म्हनस, नानास्नी तिनं पहिले ऐकं."

नानांनी तिचं आधी ऐकलं होतं. मी नंतर ऐकलं. यादी बरोबर होती, त्यात लाल रेघ मारण्यासारखं काही नव्हतं. मी पेढा घेतला.